वाय-फाय राउटरची कामगिरी चाचणी

वाय-फाय राउटरची कामगिरी चाचणी म्हणजे बिनतारी जाळे पुरवणाऱ्या राउटरचा प्रत्यक्ष वेग, पल्ला, स्थैर्य आणि वापरसुलभता तपासण्याची पद्धत होय. राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग हा सैद्धान्तिक कमाल वेग असतो. वापरकर्त्याला मिळणारा वेग त्याहून बराच कमी असल्यामुळे अशा चाचणीची गरज भासते.

छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

वाय-फाय हे आयईईई ८०२.११ या मानकांवर आधारलेले आहे. १९९७ च्या मूळ मानकाचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. ८०२.११बी (१९९९) मध्ये तो ११, तर ८०२.११जी (२००३) मध्ये ५४ मेगाबिट झाला. हे आकडे केवळ रेडिओ दुव्याचे आहेत. एका चॅनेलवर एका वेळी साधारणतः एकच उपकरण प्रक्षेपण करते. चॅनेल मोकळा होण्याची वाट पाहणे आणि पाठवलेल्या माहितीची पोच मिळवणे यांत बराच वेळ खर्च होतो. परिणामी ८०२.११जी जाळ्यावर अनुकूल स्थितीतही सुमारे २० ते २५ मेगाबिट इतकाच उपयुक्त वेग मिळतो. अनेक उत्पादक सर्व वारंवारता पट्ट्यांच्या वेगांची बेरीज छापतात. मोबाइल किंवा लॅपटॉप मात्र बहुधा एका वेळी एकच पट्टा वापरतो.

वेगाचे मापन

एक संगणक इथरनेट तारेने राउटरला जोडतात व दुसरा वाय-फायवर ठेवून दोहोंमधील वेग आयपर्फसारख्या मुक्त आज्ञावलीने मोजतात. अशा मापनात इंटरनेट जोडणीच्या वेगाचा परिणाम येत नाही. राउटरजवळ, एका भिंतीपलीकडे आणि घराच्या दूरच्या कोपऱ्यात, दोन्ही दिशांनी, पुनःपुन्हा मापन करून मध्यक काढला जातो. जाळ्यावर भार असताना होणारा विलंबही नोंदवतात, कारण व्हिडिओ संभाषणात वेगापेक्षा विलंबच अधिक जाणवतो.

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा पल्ला मोठा असतो. परंतु त्यात परस्परांवर न येणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल सामान्यतः वापरता येतात. दाट वस्तीच्या इमारतींत शेजारच्या राउटरांमुळे या पट्ट्याचा वेग घटतो. ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा अधिक वेगवान असला तरी भिंतींमुळे लवकर क्षीण होतो.

वापरसुलभता

प्रारंभिक मांडणीची सोय, मूळ पासवर्ड बदलण्याची सक्ती, २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ सुरक्षा पद्धतीची उपलब्धता, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण हे तपासणीचे प्रमुख निकष आहेत. उत्पादकाने अद्ययावतीकरण थांबवल्यास वेगवान राउटरही असुरक्षित ठरू शकतो.

मर्यादा

निष्कर्ष इमारतीची रचना, परिसरातील इतर जाळी आणि चाचणीसाठी वापरलेला लॅपटॉप किंवा मोबाइल यांवर अवलंबून असतात. त्यामुळे दोन राउटरांची तुलना एकाच जागी, त्याच उपकरणांनी आणि शक्यतो एकाच सुमारास केली असेल, तरच ती ग्राह्य ठरते.