समुद्र सोडून गेलेलें बेट

वलंदेज म्हटले कीं आपल्या वाचकांना वेंगुर्ल्याची वखार आठवते. परंतु या व्यापारी राष्ट्राचें खरें जुनें वैर परकी राजांपेक्षां पाण्याशीं होतें, आणि तें समजून घेण्यास ॲम्स्टरडॅमपेक्षां स्खोकलंडसारखें एक नगण्य ठिकाण अधिक उपयोगी पडतें.

नेदरलंड्सच्या मध्यभागीं १९३२ सालापर्यंत झाउदरझे नांवाचा उथळ समुद्र शिरलेला होता. स्खोकलंड हें त्यांतील एक लांबट, अरुंद बेट. मात्र तें मूळचें बेट नव्हे. तेथें पूर्वीं कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची सलग दलदल होती. मध्ययुगांत शेतकऱ्यांनीं चर खणून तिचें पाणी काढलें. पाणी जातांच ती स्पंजासारखी जमीन आटून खालीं बसली, आणि समुद्राला वाट मिळाली. पिकासाठीं केलेल्या उद्योगानेंच भूमि समुद्राच्या तोंडीं दिली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

उरलेल्या पट्टीवर मातीचे उंचवटे घालून लोक त्यांवर राहूं लागले. उत्तरेस एमेलोर्ड येथें कॅथलिक, दक्षिणेकडील वस्तींत प्रॉटेस्टंट. दोहोंना जोडणारी काय ती लांकडी फळ्यांची पायवाट. ती इतकी चिंचोळी कीं, समोरासमोर आलेल्या दोघांना एकमेकांस धरून गिरकी घ्यावी लागे, असें सांगतात. परधर्मसहिष्णुतेचा याहून व्यावहारिक धडा मला ठाऊक नाहीं! शेती नाहींशी झाल्यावर मासेमारी तेवढी उरली, आणि तिच्यावर पोट भरेना. फेब्रुवारी १८२५ च्या तुफानांत बेटावरील १३ माणसें दगावलीं. तरीहि लोक हटले नाहींत. १८३४ मध्यें तेथें नवें प्रार्थनामंदिर उभें राहिलें.

अखेर १८५९ मध्यें तिसऱ्या विल्यम राजाच्या सरकारनें बेट रिकामें करविलें. सुमारें ६५० माणसें होतीं. बंधाऱ्यांचा खर्च व रहिवाशांचें दारिद्र्य पाहतां सरकारचा हिशेब चुकला असें म्हणवत नाहीं. पण ज्यांचे वाडवडील त्याच मातींत पुरलेले, त्यांना तो कसा पटला असेल? कोणी कांपेनला गेले, कोणी व्होलेंडामला. घरें पाडण्यांत आलीं.

आणि मग समुद्रच गेला. १९३२ मध्यें ३२ किलोमीटर लांबीच्या बांधानें झाउदरझेचें तोंड बंद झालें. १९४२ मध्यें, देश जर्मनांच्या ताब्यांत असतांना, स्खोकलंडच्या भोंवतालचा तळ कोरडा पडला. ज्या लाटांना भिऊन गांव उठलें, त्यांच्या जागीं आज बटाट्यांचीं शेतें आहेत. एमेलोर्ड हें नांव तेथें नव्यानें वसविलेल्या शहराला दिलें आहे. जुन्या बेटाचा उंचवटा, प्रार्थनामंदिर व कोरडें बंदर पाहावयास मिळतें. १९९५ मध्यें युनेस्कोनें तें जागतिक वारसा म्हणून नोंदलें.

परंतु भोंवतालचें पाणी ओसरल्यापासून तो उंचवटाहि सुकून खचूं लागला. म्हणून आतां त्याच्या लगत मुद्दाम पाणी धरून ठेवावें लागतें.