टॅरंटुलाचे वागणे वाचताना : प्रस्तावना

टॅरंटुला पाळणारा माणूस बराचसा वेळ न हलणाऱ्या प्राण्याकडे पाहत असतो. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोरड्या झाडीत राहणारी रेड-नी ही जगभरच्या हौशी लोकांची सर्वांत लाडकी जात. तिची मादी बिळाच्या तोंडाशी पाय पसरून तासन्‌तास बसून राहते, कधी दिवसचे दिवस. यात पाहायचे काय, असे नव्याने येणाऱ्याला वाटते. हा प्रश्न ज्याने टाळला नाही तो या विषयात रमतो, म्हणून त्याचे उत्तर शोधतच आपण आत जाऊ.

टॅरंटुला म्हणजे थेराफोसिडी कुळातले कोळी. त्यांच्या हजाराहून अधिक जाती शास्त्राला ठाऊक आहेत. अमेरिकेतल्या वाळवंटांपासून आपल्या सह्याद्रीपर्यंत ते पसरलेले आहेत. त्यांना आठ डोळे असतात, पण सगळे बारीक, डोक्यावरच्या एका उंचवट्यावर दाटीने बसवलेले. बहुतेकांना त्यांतून धड काही दिसत नाही. त्यांचे जग मुख्यतः कंपनांचे आहे. पायांवरचे नाजूक केस हवेची हालचाल टिपतात आणि पायांच्या टोकांना चवही कळते. बिळाच्या तोंडाशी पसरलेल्या रेशमाच्या धाग्यांवर पाय टेकून बसलेली मादी आजूबाजूची जमीन ऐकत असते.

एवढे ध्यानात आले की ‘हा कोळी चिडका आहे’ हे वाक्य आपण सहज बोलणार नाही. पेटीचे झाकण खटकन उघडले किंवा आपला श्वास अंगावर गेला, की कोळी पुढचे पाय उचलून सुळे दाखवतो. तो आपल्यावर रागावलेला नसतो. आपण कोण हेच त्याला माहीत नसते. मोठे काहीतरी जवळ आले, एवढीच बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली असते. प्राण्यांना स्वभाव चिकटवण्याची आपली खोड जुनी आहे. या विषयात ती फार लवकर सोडावी लागते, कारण ती राहिली की निरीक्षण तिथेच थांबते.

वागणे कळायचे तर शरीर कळायला हवे. पाय आखडायला कोळ्याकडे स्नायू आहेत, पण पायाच्या काही प्रमुख सांध्यांना ताठ करणारा स्नायूच नाही. तिथे रक्ताच्या दाबाने पाय सरळ होतो. शरीरातले पाणी कमी झाले की दाब घटतो आणि आठही पाय पोटाखाली मुडपले जातात. पाळणाऱ्याला ही खूण ओळखता आलीच पाहिजे. पेटीत पाण्याची उथळ वाटी कायम असावी, असा आग्रह जाणकार धरतात तो यासाठीच. पोटाची त्वचा पातळ असते. हाताच्या उंचीवरून पडला तरी ती फाटून कोळी मरू शकतो. मी तर स्पष्टच म्हणेन, टॅरंटुला हातावर घेऊ नये. त्यात त्याचा काडीचाही फायदा नाही.

सर्वांत जास्त गैरसमज कात टाकण्याबद्दल आहेत. कात टाकायच्या आधी कोळी खाणे सोडतो. काही आठवडे, मोठ्या मादीच्या बाबतीत काही महिनेसुद्धा. मग एके दिवशी तो रेशमाची चटई विणून तिच्यावर उताणा पडतो. नवशिक्या माणसाला तो मेला असे वाटते आणि तो त्याला सरळ करायला जातो. तसे मुळीच करू नये. ताज्या कातीतून बाहेर आलेल्या कोळ्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते काळे, टणक होईपर्यंत तो शिकार करू शकत नाही, आणि पेटीत राहून गेलेला एखादा रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. उरलेली कात मात्र जपून ठेवावी. पोटाच्या भागाची आतली बाजू ओली करून भिंगाखाली उलगडली की प्राण्याला हात न लावता नर-मादी ओळखता येते.

मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते, आणि रेड-नीसारख्या जातींत ती वीस वर्षांहून जास्त जगते. नर प्रौढ झाला की बहुधा पुन्हा कात टाकत नाही. जोडीदाराच्या शोधात भटकत तो काही महिन्यांत, फार तर एखाद-दोन वर्षांत संपतो. ही आयुष्ये कळली ती ज्यांनी धीर धरला त्यांच्यामुळे. अर्कान्सास विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग यांनी वर्षानुवर्षे टॅरंटुला सांभाळले आणि १९५८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. टॅरंटुलाच्या दूरच्या नात्यातल्या, बिळाला झाकण लावणाऱ्या एका मादीचा माग बार्बरा यॉर्क मेन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७४ पासून ठेवला. २०१६ मध्ये तिचे बीळ रिकामे सापडले, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे धरले गेले.

अमेरिका खंडातल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी ते झाडतो. डोळ्यात गेले तर गंभीर इजा होते, म्हणून पेटी साफ करताना चेहरा लांब ठेवावा आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींकडे हे केस नाहीत. त्या वेगाने पळतात आणि चावतात. भारत-श्रीलंकेतल्या पोसिलोथेरिया गटाच्या चाव्याने स्नायूंना जबर पेटके येतात. नवशिक्याने या गटाच्या वाटेला जाऊ नये.

याच गटातल्या निळ्या पोसिलोथेरिया मेटॅलिकाची कथा मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्तीच्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. नंतर जवळजवळ शंभर वर्षे ती शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड होती. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडली, आणि २००८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरली. युरोप-अमेरिकेतल्या घरांत मात्र ती आज सहज दिसते. रेड-नीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८५ पासून सायटिस कराराखाली आला, पोसिलोथेरियाचा २०१९ मध्ये. भारतात असा प्राणी घरी ठेवण्याआधी वन्यजीव कायदा तपासणे हे पाळणाऱ्याचे पहिले काम आहे, आणि प्राणी बंदिस्त पैदाशीतलाच असावा.

आपल्याकडचे टॅरंटुला तर जागच्या जागीच पाहावेत. हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस ही जात पोकॉक यांनी १८९९ मध्येच माथेरानच्या नमुन्यावरून नोंदवली. बीळ खणून कोळी आणला की त्या बिळाची खोली, उतार, तोंडाचे रेशीम, म्हणजे वागण्याचा अर्धा पुरावा, आपल्याच हातांनी मोडला जातो.

घरातल्या पेटीतून शास्त्राला काय मिळते, याचे एक उदाहरण देतो. टॅरंटुला गुळगुळीत काचेवर घसरू लागले की पायांतून रेशीम सोडतात, असे २००६ मध्ये एका गटाने मांडले. त्यावर वाद झाला. २०११ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या क्लेअर रिंड यांनी काचेची पेटी हळूच हलवून कोळी कसा सावरतो ते पाहिले, आणि स्वतः पाळलेल्या चिली रोझ जातीच्या कोळ्याच्या जुन्या काती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दुजोरा दिला. दुसऱ्याच वर्षी उरुग्वेतल्या अभ्यासकांनी चार जातींवर प्रयोग करून तो निष्कर्ष नाकारला. अशा वादात जुनी कातही पुरावा ठरते, म्हणून ज्यांच्याकडे आज पाळलेले टॅरंटुला आहेत, त्यांनी प्रत्येक कातीवर तारीख, जात आणि त्या काळातले तापमान लिहून ती डबीत ठेवावी. पायांच्या टोकांचा भाग न चुरगळता.