अगापँथस : बदलापूर-अंबरनाथच्या हवेत हे निळे फूल फुलेल का?

लांब देठावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गोल गुच्छ असलेले अगापँथस बागेच्या फोटोंमध्ये अनेकांना आवडते. मात्र उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये कुंडी मागवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे हे रोप जगवता येते, पण त्याला फुले आणणे अवघड आहे.

मूळ कुठले?
अगापँथस हे दक्षिण आफ्रिकेतले झाड आहे. 'लिली ऑफ द नाईल' म्हणून ते ओळखले जात असले, तरी नाईल नदीशी त्याचा संबंध नाही. ग्रीक भाषेतील 'प्रेम' आणि 'फूल' या दोन शब्दांवरून त्याचे नाव पडले.

अडचण कुठे येते?
चांगली फुले येण्यासाठी या झाडाला थंडीचा काळ लागतो. म्हणूनच उटी, कोडाईकनालसारख्या थंड ठिकाणी ते छान फुलते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि हिवाळा थोडक्यात आटोपतो. त्यामुळे पाने भरपूर येतात, पण फुलांचा दांडा येईलच याची खात्री नसते. त्यानंतर येतो चार महिन्यांचा धो-धो पाऊस. कुंडीत पाणी साचले की मांसल मुळे कुजतात.

तरीही लावायचे असेल तर
- जागा : सकाळचे ४-५ तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी पूर्वेकडची गॅलरी उत्तम. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये पाने करपतात.
- कुंडी : १० ते १२ इंचांची, तळाला मोठी भोके असलेली. फार मोठी कुंडी नको. मुळे थोडी दाटलेली असली तर चालतात.
- माती : माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू समप्रमाणात.
- पाणी : वरची माती सुकल्यावरच द्या. हिवाळ्यात कमी करा.
- पावसाळा : कुंडी पत्र्याखाली किंवा छताखाली घ्या आणि खालची ताटली काढून टाका.
- खत : नत्र जास्त झाले तर नुसती पानेच वाढतात. पालाश असलेले खत बेताने द्या.

फसवणूक कशी ओळखाल?
अगापँथसला कांद्यासारखा गोल कंद नसतो. जाड मुळे फुटलेला मांसल गड्डा असतो. पार्सलमध्ये गोल कांदे निघाले, तर ती बहुधा दुसरी लिली असते. बियांपासून लावल्यास फुलांसाठी किमान दोन-तीन वर्षे थांबावे लागते. त्यामुळे 'तीन महिन्यांत फुले' असा दावा असेल तर पैसे देऊ नका.

काळजी घ्या
या झाडाचा चीक त्वचेला खाज आणतो आणि तोंडात गेल्यास आग होते. लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून ते दूर ठेवा. पाने कापताना हातमोजे घाला.

इथे सहज फुलणारे पर्याय
निळाच रंग हवा असेल, तर गोकर्णाचा वेल किंवा निळा प्लंबॅगो लावा. प्लंबॅगोसुद्धा मूळचा दक्षिण आफ्रिकेतलाच, पण आपले ऊन तो चांगले सोसतो. गोल गुच्छ हवा असेल, तर फुटबॉल लिली घ्या. तिचे लाल चेंडू पावसाच्या तोंडावर उमलतात. पावसाळ्यात कुंडी भरून फुले हवी असतील, तर रेन लिली सर्वात सोपी.

पहिल्यांदाच बाग करत असाल, तर आधी यांपैकी एखादे झाड लावा. ते पावसाळ्यात तगले, की मग अगापँथसची एकच कुंडी आणून पाहा.