पुणतांब्याचे अण्णा

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून आलेला माझा नातू दिंद्रुडच्या ओसरीवर बसून एक चाल गुणगुणत होता. चौकशी करता समजले, की ‘सुपर मारिओ’ या खेळासाठी ती कोजी कोंडो नावाच्या जपानी गृहस्थाने १९८५ साली बांधली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली ती जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. चाल जगाच्या तोंडी. बांधणाऱ्याचे नाव मात्र नातवालाही शोधून सांगावे लागले! मला आमचा तंबू आठवला.

‘अलबेला’ निघाला १९५१ साली. आमच्या बाजूला तो आला काही वर्षांनी, फिरत्या टॉकीजच्या तंबूत. पडद्यावर भगवान नाचू लागला की पुढे बसलेली मंडळी पैसे उधळीत. आम्हां पोरांचा वाद निराळाच. संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि गाणारा कोणी चितळकर. रामचंद्र मद्रासी असावा, चितळकर मात्र आपला, असा माझा निकाल! पुढे मास्तरांनी सांगितले, की दोघे एकच : रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबे. मी थक्क झालो. पुणतांबे गोदाकाठचे, तीच गोदा पुढे आमच्या बीड जिल्ह्याची उत्तरेची शीव धरून वाहते. म्हणजे हा तर आमचा वरच्या अंगाचा शेजारी!

विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा मुलगा सिनेमात आला तो नट व्हावयास. ते जमले नाही. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवता वाजवता तो चाली बांधू लागला. १९४२ साली भगवानदादांचे ‘सुखी जीवन’ मिळाले, आणि ती दोस्ती ‘अलबेला’पर्यंत पोचली. १९४७ च्या ‘शहनाई’त त्याने शीळ घालावयास लावले, पुढे बोंगो, सॅक्सोफोन, ट्रंपेट सारे आणले. जाणत्यांनी नाके मुरडली. पण याच माणसाने १९५३ साली ‘अनारकली’त भीमपलास असा काही खेळवला, की नाके मुरडणारेही तो गुणगुणू लागले असतील. मला विचाराल तर त्याचे खरे घर तिथे होते. बोंगो ही पाहुण्यांची खोली.

मौज पाहा. १९५२ पासून नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, आणि आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली. तेव्हा एका मराठी माणसाची चाल ऐकावयास आम्ही कापडदुकानातल्या रेडिओवर सिलोन लावीत असू. काटा जरा हलला की खरखर. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती आली आणि काट्याची कटकट पुष्कळ कमी झाली.

चीनच्या युद्धात पडलेल्या जवानांवरचे कवी प्रदीपांचे गीत लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडितजींपुढे गायिले. चाल अण्णांचीच. कवी लोकांना ठाऊक आहे, गायिका तर आहेच. चालकाराचे नाव कितीजण घेतात? पुढे कामे विरळ होत गेली. १९७० साली मराठीत ‘घरकुल’ केले. ५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा गेले.

परवा माजलगावला एका लग्नात बँडने ‘अलबेला’ धरला. वऱ्हाडातली पोरे बेभान नाचत होती. क्लॅरिनेटवाल्याला मी बाजूस घेऊन विचारले, “चाल कुणाची रे बाबा?”

“भगवानदादाची,” तो म्हणाला आणि पुन्हा फुंकू लागला.