पाळी गेल्यानंतरची बाई : संप्रेरक उपचारांचा इतिहास आणि वर्धा

#थ्रेड

१/ स्त्रीची पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, ही नोंद सुश्रुतसंहितेत आहे. पाळी थांबताना होणाऱ्या त्रासावर संप्रेरकाची गोळी मात्र विसाव्या शतकात आली. या गोळीचा इतिहास बहुधा अमेरिकेपुरता सांगितला जातो. त्याला वर्ध्याच्या वाटेने जाणारी एक दुसरी बाजूही आहे.

२/ १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळे केले. रजोनिवृत्तीत बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणे घटते. त्यामुळे अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते, योनीमार्ग कोरडा पडतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

३/ १९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ला मान्यता मिळाली. गाभण घोड्यांच्या मूत्रातून ही गोळी तयार होई आणि तिचे नावही ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या शब्दांवरूनच पडले. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोग आहे, असा त्याचा दावा होता. पुस्तक तुफान खपले. विल्सन यांना औषध कंपनीचा पैसा मिळत होता, हे पुढे त्यांच्या मुलानेच सांगितले.

४/ १९७५ मध्ये पहिला धक्का बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी अधिक आढळला. तेव्हापासून एक नियम रूढ झाला. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन वर्गातले औषध द्यायचे. गर्भाशय काढलेले असेल, तर केवळ इस्ट्रोजेन पुरते.

५/ आता वर्ध्याकडे वळू. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असतानाच कस्तुरबांचे निधन झाले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर यांनी पुढच्याच वर्षी सेवाग्राममध्ये गांधीजींच्या प्रेरणेने कस्तुरबा रुग्णालय सुरू केले. आरंभी तेथे १५ खाटा होत्या, त्याही स्त्रिया आणि मुलांसाठी. १९६९ मध्ये त्याच आवारात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली.

६/ गावातल्या बाईपर्यंत दवाखाना पोहोचत होता. पण देशाच्या आरोग्ययोजनांत बाईची ओळख प्रामुख्याने दोनच शब्दांत मावत होती : ‘माता’ आणि ‘कुटुंबनियोजनाची लाभार्थी’. बाळंतपणे आटोपली की ती या हिशेबातून बाहेर पडे. पाळी जाण्याच्या वयात तिला काय होते, हे विचारण्यासाठी कोणत्याही रजिस्टरात रकानाच नव्हता.

७/ हा रकाना उघडण्याचे काम वर्ध्यातून घडलेल्या एका जोडप्याने केले. डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामच्या गांधी-विनोबांच्या परिसरात गेले. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीला वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम केले. १९८६ मध्ये ते गडचिरोलीला गेले आणि तेथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली.

८/ गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. केवळ गरोदर नव्हे, तर १३ वर्षांपुढच्या सर्व वयांच्या स्त्रिया तीत होत्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास रजोनिवृत्तीपुरता नव्हता. पण मातृत्वाबाहेरही बाईला शरीर असते, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केले.

९/ इकडे विचारले न गेल्याचे दुःख, तर तिकडे घाईने दिलेल्या उत्तराचे. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. दोन्ही संप्रेरके घेणाऱ्यांत दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले होते. जगभर भीती पसरली आणि लक्षावधी स्त्रियांनी गोळी सोडली.

१०/ बातम्यांत एक तपशील हरवला. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेल्या स्त्रियांचे उत्तर पाळी नुकतीच जाऊ लागलेल्या बाईलाही लागू केले गेले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो, असे पुढच्या विश्लेषणांतून दिसले.

११/ चुकीचा प्रश्न विचारला की काय घडते, याचे महाराष्ट्रातले कठोर उदाहरण बीडचे आहे. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये समोर आले. पाळीचा खाडा म्हणजे मजुरीला कात्री, हे त्यामागचे एक मोठे कारण. शस्त्रक्रियेत बीजकोशही निघाले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन उभी राहते. तिशीतल्या बाईच्या हाडांना आणि हृदयाला त्याची किंमत चुकवावी लागते. अशा स्त्रीला संप्रेरकांची गरज सर्वांत अधिक असते, आणि ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

१२/ आज पर्याय पुष्कळ आहेत : गोळ्या, त्वचेवर लावायचे पट्टे आणि जेल, केवळ योनीमार्गासाठीचे इस्ट्रोजेन क्रीम, शिवाय संप्रेरकविरहित औषधे. त्वचेतून घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीच्या तुलनेत कमी दिसतो. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा गुठळीचा इतिहास असलेल्या स्त्रियांना मात्र हा उपचार सहसा दिला जात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील दोन दशकांचा ठळक इशारा काढून टाकण्याची घोषणा केली.

१३/ साठ वर्षांत हीच औषधे आधी संजीवनी ठरली, मग विष, आणि आता पुन्हा औषध. रेणू तोच राहिला. बदलले ते एवढेच, की कोणत्या वयाच्या, कोणत्या स्त्रीला, किती काळ, हे नीट विचारले जाऊ लागले. सेवाग्रामच्या १५ खाटांपासून गडचिरोलीच्या ६५० स्त्रियांपर्यंतचा धडाही हाच आहे. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या शेतात निंदण करताना अंगातून वाफा निघणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला औषध हवे की नको, हा नंतरचा प्रश्न. तिला काय होते आहे, हे विचारणारे कोणी भेटले पाहिजे, ही पहिली गरज.