माग्दा नाखमन: पीटर्सबर्ग ते मुंबई

चित्रकार माग्दा नाखमन यांचा जन्म १८८९ मध्ये सेंट पीटर्सबर्गचा. वडील ज्यू, आई जर्मन वंशाची लुथरन. मुले आईच्या धर्मात वाढली. पण पुढे नाझी राजवटीत वडिलांचे ज्यूपण तेवढे मोजले जाणार होते.

झ्वान्त्सेवा यांच्या खासगी कलाशाळेत त्या शिकल्या. तिथे आधी लेओन बाक्स्ट आणि नंतर पेत्रोव्ह-वोदकिन हे शिक्षक होते. मार्क शगालही काही काळ याच शाळेत होता. १९१३ मध्ये क्रिमियातल्या कोक्तेबेल गावी त्यांनी विशीतल्या कवयित्री मारिना त्स्वेतायेवाला समोर बसवून तैलचित्र काढले. आखूड कापलेले केस, गडद निळा पोशाख आणि मागे नारिंगी रंग. शुद्ध रंग एकमेकांना भिडवण्याची कलाशाळेतली शिकवण इथे सरळ दिसते. त्स्वेतायेवाचे प्रत्यक्ष पाहून केलेले हे एकमेव तैलचित्र मानतात आणि नाखमन यांचे जगभरातले नाव आजही बहुतांशी त्यावरच टिकून आहे.

क्रांतीनंतरच्या हलाखीत मॉस्कोत त्यांची गाठ मं. प्र. ति. आचार्य यांच्याशी पडली. मद्रासचे आचार्य लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांचे सहकारी होते. १९२० मध्ये ताश्कंदला स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आचार्य संस्थापक-सदस्य, मात्र लवकरच ते अराजकवादाकडे वळले. लग्नानंतर हे जोडपे १९२२ मध्ये बर्लिनला गेले. तिथे नाखमन यांनी व्लादिमीर नाबोकोव्हचे व्यक्तिचित्र काढले. ते आता सापडत नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडावे लागले आणि स्वित्झर्लंडमार्गे १९३५-३६ च्या सुमारास दोघे मुंबईत पोचले.

मुंबईत घर मुख्यतः त्यांच्या कुंचल्यावर चालले. सांगून काढवून घेतलेली व्यक्तिचित्रे हे पोटाचे साधन. पण त्यांचा जीव रमला तो कष्टकरी माणसांत, खेडुतांत आणि नर्तकींत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागत. व्हिएन्नाहून आलेल्या ज्यू नर्तिका हिल्डे होल्गर यांच्याशी त्यांचे स्नेहसंबंध होते. नाझींमुळे परागंदा झालेले वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी फॉन लेडेन हेही त्याच वर्तुळातले. या दोघांनी हुसेन, रझा, सूझा आदी प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची पाठराखण केली. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईच्या कलेचा इतिहास पुढे हुसेन-रझा-सूझांच्या अंगाने लिहिला गेला आणि माणसाचा चेहरा जसा आहे तसा, मायेने रंगवणारी ही बाई त्या मांडणीत कुठेच बसली नाही. तिची चित्रे दुय्यम होती म्हणून असे झाले, हे मात्र पटत नाही.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्याच दिवशी त्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन व्हायचे होते. आचार्यही १९५४ मध्ये विपन्नावस्थेत गेले. बरीच चित्रे खासगी घरांतून विखुरली. लीना बर्नस्टाइन यांनी ती माग काढत शोधली आणि २०२० मध्ये नाखमन यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.