खेळांचें दप्तर

कांहीं महिन्यांपूर्वीं आमचा सदाशिव पेठेंतील वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधण्याचें ठरलें, आणि घरांतील प्रत्येक वस्तूविषयीं "ही आतां कोठें?" असा प्रश्न विचारण्याची पाळी आमच्यावर आली. भांडींकुंडीं, पुस्तकें व देव यांची सोय लौकर लागली. माळ्यावरून खालीं उतरविलेल्या एका पत्र्याच्या पेटीची मात्र कांहीं केल्या लागेना. तींत आम्हां भावंडांच्या लहानपणचे व्हिडिओ-खेळ होते : टीव्हीला जोडावयाचें एक यंत्र, तीस-पस्तीस कॅसेटी, आणि मामानें १९९९ सालीं अमेरिकेहून आणलेला हातांत धरून खेळावयाचा गेम बॉय. "टाकणार नसाल तर दोघांपैकीं कोणीतरी घेऊन जा," असें आईनें निक्षून सांगितलें. नेण्यास मी व बहीण दोघेंही तयार होतों; पण नेऊन ठेवावें कोठें, हें दोघांसही सांगतां येईना.

प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याच्या मागें एक लहानसा इतिहास आहे, आणि श्रोतेहो, तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

जुनें जपून ठेवणें म्हटलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम दप्तर उभें राहतें. लाल रुमालांत बांधलेले मोडी कागद, त्यांवर धूळ, आणि तें गांठोडें सोडणारा एखादा चिकाटीचा संशोधक! इतिहासाचार्य राजवाडे असे कागद धुंडाळीत गांवोगांव हिंडले व १८९८ सालीं त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या कागदांना त्यांच्या मालकांनीं जपलें, असें सरसकट म्हणवत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं मालक त्यांना विसरले होते, एवढेंच. कसर लागली, उंदरांनीं कडा कुरतडल्या, तरीही जें उरलें तें वाचतां आलें. कारण कागद, शाई आणि मोडी जाणणारा डोळा एवढ्यावर तेथें काम भागतें. कित्येक दप्तरांना विस्मरणानेंच तारलें आहे. आमची पेटीही माळ्यावर वीस वर्षें निर्धास्त पडून होती, तेव्हां ती सुखरूप असेल असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला, आणि कां चुकीचा ठरला हें कळण्यास या खेळांची जात कोणती तें पाहिलें पाहिजे.

घरांतील टीव्हीवर खेळण्याचें पहिलें यंत्र १९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. त्याचें नांव 'ओडिसी'. मूळ कल्पना राल्फ बेअर या जर्मनींतून परागंदा झालेल्या गृहस्थाची. पुढें १९७६ मध्यें फेअरचाइल्ड कंपनीनें जेरी लॉसन यांच्या देखरेखीखालीं असें यंत्र काढलें कीं, खेळ यंत्रांत न राहतां बाहेरच्या एका डबींत राहावा आणि डबी बदलली कीं खेळ बदलावा. हीच आपल्या मुलांची 'कॅसेट'. नांव कॅसेट असलें तरी आंत फीत नसते. एक चिप असते व तींत खेळाचा सारा कार्यक्रम कारखान्यांतच कायमचा कोरलेला असतो. जपानांत निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं 'फॅमिकॉम' काढलें, आणि त्याच धर्तीचीं यंत्रें 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत शिरलीं. एका कॅसेटींत ९९९९ खेळ, असें वरच्या कागदावर छापलेलें असे. प्रत्यक्षांत पांच-दहा खेळच नांवें व रंग बदलून पुनःपुनः येत. उन्हाळ्याच्या सुटींत हें लबाडपण उघडकीस येईपर्यंत आम्हांस आठ दिवस लागले होते.

कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारावयाची, हा तर त्या काळचा सार्वत्रिक मंत्र. वस्तुतः फुंकरीबरोबर तोंडांतील ओलावा आंत जातो आणि तांब्याच्या पट्ट्या गंजूं लागतात. पेटी उघडली तेव्हां निम्म्या कॅसेटींच्या पट्ट्यांवर हिरवट पूट चढलें होतें. त्यांतील कांहीं आमच्या फुंकरींचें व उरलेलें वाड्याच्या पावसाळी ओलीचें. यंत्राचें पांढरें प्लॅस्टिक माळ्यावरच्या वैशाखी उष्म्यानें पिवळें पडलें होतें. आईनें मोठ्या काळजीनें डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. साड्यांना त्या मानवत असतील, प्लॅस्टिकला मानवत नाहींत.

सुरक्षित जागा म्हणजे काय, याविषयीं या खेळांचा इतिहास मोठा विक्षिप्त आहे. १९८३ च्या सप्टेंबरांत अटारी कंपनीनें न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोंतील अ‍ॅलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत पुरल्या. 'ई. टी.' या चित्रपटावरून घाईघाईनें बेतलेला फसलेला खेळ त्यांत होता. २०१४ च्या एप्रिलांत ती जागा उकरली, तेव्हां सुमारें १३०० कॅसेटी वर काढण्यांत आल्या, आणि त्यांतील 'ई. टी.' ची एक प्रत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत जाऊन बसली. त्याच संस्थेला राल्फ बेअर यांनीं २००६ सालीं आपलीं मूळ यंत्रें स्वहस्तें दिलीं होतीं. जनकानें प्रेमानें दिलेलें आणि कंपनीनें लाजेनें गाडलेलें, दोन्ही अखेर एकाच छपराखालीं आलीं!

परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो स्टीफन कॅब्रिनेटी. हा तरुण लहान वयापासूनच संगणकाचे कार्यक्रम व खेळ जमवीत असे, वेष्टनांसह, माहितीपत्रकांसह. हें सारें उद्यां नाहींसें होईल अशी धास्ती त्याला त्या वयांत वाटली, आणि १९८९ सालीं त्यानें त्यांच्या जतनासाठीं एक संस्थाही काढली. १९९५ सालीं, अवघ्या २९ व्या वर्षीं, तो वारला. मागें राहिले ते हजारों खोके. अशा वेळीं घरच्यांनीं काय करावें? मुलाची आठवण म्हणून खोल्या अडवून बसावें, कीं रद्दींत घालावें? १९९८ मध्यें तो संग्रह स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला. तेथें तो नुसता कपाटांत ठेवला नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या साहाय्यानें त्यांतील चकत्या व फितींवरील मजकूर उतरून घेण्याचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें, कारण चुंबकीय चकती कितीही थंड व कोरड्या खोलींत ठेवली तरी तिच्यावरील लेखन हळूहळू विरत जातें. ग्रंथपालांना हें कळलें होतें; आम्हांस कळलें नव्हतें. आणि असे खासगी संग्रह म्हणजे रिकामटेकड्यांची हौस असेंही समजूं नये. २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आतां बाजारांत मिळत नाहींत, असें तेथील २०२३ सालच्या एका पाहणींत आढळून आलें. म्हणजे बहुतेक खेळ आज कोणाच्या तरी घरच्या पेटींतच आहेत.

आमच्या पेटींतील खरी अडचण त्या गेम बॉयच्या एका कॅसेटींत होती. 'पोकेमॉन' हा तो खेळ. यांत आपण कोठवर आलों हें लक्षांत ठेवण्यासाठीं एक निराळी चिप असते, तिला अखंड वीज लागते, आणि ती वीज आंत डाख देऊन बसविलेला रुपयाएवढा सेल पुरवितो. सेल संपला कीं खेळ राहतो, पण खेळलेलें पुसून जातें. शिवाय त्यांत एका वेळीं एकच डाव सांठवितां येतो. २००३ सालच्या आजारपणांत आमच्या अण्णांना रात्रीं झोप येत नसे. तेव्हां त्यांनीं तो खेळ हातीं घेतला आणि, हें आज सांगण्यास हरकत नाहीं, माझा अर्ध्यावर आलेला डाव पुसून आपला सुरू केला. मी आठ दिवस त्यांच्याशीं धड बोललों नाहीं. २००४ सालीं ते गेले. त्यानंतर दुसऱ्या कोणी चुकूनही नवा डाव मांडूं नये म्हणून बहिणीनें ती कॅसेट पेटीच्या तळाशीं दडविली. तेथें पंचवीस वर्षांहून जुना तो सेल मुकाट्यानें झिजत होता. ज्या जागेला आम्ही सुरक्षित समजत होतों, तेथेंच ती वस्तु रोज थोडी थोडी नाहींशी होत होती.

बँकेच्या लॉकरांत ठेवावी, अशी सूचना आली. लॉकर चोराला अडवील. सेलाला कसें अडविणार? मग तपकीर गल्लींतील एका माहितगार कारागिराकडे आम्ही दोघें गेलों. त्यानें प्रथम पट्ट्या स्पिरिटनें पुसल्या, कॅसेट यंत्रांत घातली आणि विचारलें, "सुरू करूं ना?" बहिणीनें माझा हात धरला. पडद्यावर अण्णांचें नांव आलें, त्यांनींच बसविलेलें, चार इंग्रजी अक्षरांचें. बिल्ले सात. खेळण्याचा वेळ ११२ तास.

कारागिरानें आधीं तो सांठा एका लहान उपकरणानें संगणकावर उतरून घेतला. सारा मिळून बत्तीस किलोबाइट. मग जुना सेल काढून नवा डाखला व तोच डाव पुन्हां कॅसेटींत भरला. हा क्रम उलटा झाला असता तर कांहींच उरलें नसतें. आतां ती कॅसेट बहिणीकडे आहे. माळ्यावर नव्हे, खिडकीजवळ नव्हे, बाहेरच्या भिंतीला लागून नव्हे, तर आंतल्या खोलींतील कपाटाच्या मधल्या खणांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह. नकला तिघांकडे आहेत. टीव्हीचें यंत्र व इतर कॅसेटी मी आणल्या. गेम बॉयचे बाहेरचे सेल काढून ठेवले, कारण तेही पाझरतात. दिवाळींत एकदां व उन्हाळ्याच्या सुटींत एकदां सर्व खेळ लावून पाहण्याचें ठरलें आहे.

पत्र्याची पेटी आईनें आपल्या गोधड्यांसाठीं घेतली. बहिणीचा मुलगा परवां विचारीत होता कीं, आजोबांचा आठवा बिल्ला राहिला आहे, तो मीं मिळविला तर चालेल का? नकलेवर मिळव, असें तिनें त्याला सांगितलें आहे.